मगोला मत म्हणजे विलीनीकरणाला मत? नाही, आणि हिशेब इथे मांडतोय

१६ जानेवारी, म्हणजे गोव्याच्या जनमत कौलाचा दिवस, जवळ आली की दरवर्षी तोच मेसेज फिरायला लागतो. म्हणणं थोडक्यात असं की गोव्याच्या लोकांनी १९६३ लाच मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला निवडून देऊन महाराष्ट्रात जायचं ठरवलं होतं, विधानसभेने तसा ठरावही केला होता, मग निवडून आलेल्या आमदारांचं ऐकायचं सोडून दिल्लीने लोकांना परत विचारलं आणि गोवा हातचा गेला. मी मराठीतच शिकलोय, मराठीवर जीव आहे माझा, तरीही हे खोडून काढावंसं वाटतं.

पहिलं, "मगोला मत म्हणजे विलीनीकरणाला मत". आकडे बघा ना. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, मतपत्रिकेवरच्या फुलावर म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली आणि दोन पानांवर म्हणजे संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहावा म्हणून १,७२,१९१, फरक ३४,०२१ चा. आणि लगेच मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तर मगो ३० पैकी १६ जागा घेऊन परत सत्तेत, भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री! दोन्ही मतं एकच असती तर हे झालंच नसतं. गावागावात मराठी शाळा उघडत होत्या, १९६४ चा कूळ कायदा आला होता, भाटकारापुढे, म्हणजे जमीनदारापुढे, मान खाली घालून उभं राहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा आपलं सरकार आल्यासारखं वाटत होतं, ते त्याला हवं होतं म्हणून त्याने मगोला मत दिलं. विलीनीकरण हवंय का हे त्याला वेगळं विचारलं तेव्हाच वेगळं कळलं.

दुसरा मुद्दा, "आमदार निवडून दिले की निर्णय त्यांचा". बऱ्याच बाबतीत मला हे मान्य आहे. कूळ कायद्यावर कुणी सार्वमत घेतलं नाही आणि घ्यायची गरजही नव्हती, आमदारांनी आपल्या समजेने केला, बरं केलं. पण कायदा चुकला तर पुढची विधानसभा तो बदलते. विलीनीकरणानंतर गोव्याची विधानसभाच राहिली नसती, मग चूक झाली असती तर दुरुस्त कोण करणार होतं, मुंबईत बसलेले मूठभर गोव्याचे आमदार? घर चालवायला दिलं म्हणजे घर विकायचा अधिकार दिला असं होत नाही. डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष विधानसभेने नाही, लोकांनी ठरवावं म्हणत होता, ते याच कारणाने योग्य होतं.

"ख्रिश्चनांनी आणि बाहेरच्यांनी पाडलं" हेही मेसेजमध्ये असतं. ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आतच होती, तेवढ्यावर एवढी मतं येत नाहीत, म्हणजे हजारो हिंदूंनीही दोन पानांवर शिक्का मारला. मुंबईत वगैरे राहणाऱ्या गोवेकरांना मताधिकार द्या अशी मागणी होती, ती फेटाळली गेली होती. आणि विलीनीकरणाविरुद्ध मडगावहून रोज लिहिणारं 'राष्ट्रमत' मराठीतच निघायचं.

शेवटचं, "तो नुसता कौल होता, बंधनकारक थोडाच होता". घटनेत सार्वमताची तरतूद नाही आणि राज्यांच्या सीमा ठरवायचा अधिकार कलम ३ खाली संसदेचा आहे, बरोबर. पण इथे संसदेनेच १९६६ साली खास कायदा करून लोकांना विचारलं, मतदान निःपक्ष व्हावं म्हणून डिसेंबरात बांदोडकर सरकारने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. एवढं करून विचारल्यावर आलेलं उत्तर बाजूला ठेवलं असतं तर परत मतपेटीवर विश्वास कोणी ठेवला असता? भाऊसाहेबांचं सगळं राजकारण विलीनीकरणावर उभं होतं, तरी त्यांनी निकाल मानला आणि लोकांसमोर निवडणुकीला उभे राहिले. मला ते सगळ्यात मोठे तिथे वाटतात.

एक मात्र खरं, लोकप्रतिनिधींनी डोकं वापरायची जागा कौलानंतरही उरतेच. मतपत्रिकेवर फूल आणि दोन पानं एवढंच होतं, स्वतंत्र राज्य हा पर्यायच नव्हता. त्यामुळे लोकांनी काय नको ते सांगितलं, पुढे काय हवं ते विचारलंच नव्हतं. ते काम नेत्यांवर आलं, आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं तेव्हा कौलाला वीस वर्षं होऊन गेली होती.