बाहेर राहिलेल्या सामानाचा निवाडा नाकावर सोडू नका

फ्रीजमध्ये ठेवायचं सामान पिशवीतच राहिलं आणि काही तासांनी, कधी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं, तर काय करावं? याबद्दलचा एक सल्ला सध्या मोबाइलवर जिकडेतिकडे फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. घाबरून काही फेकू नका. वास घ्या, थोडं चाखून बघा. वास आणि चव ठीक असेल तर पदार्थही ठीक. शंका वाटली तर खळखळून उकळा, जंतू मरतात. लगेच खायचं नसेल तर फ्रीजरमध्ये टाका. पाकिटावरची तारीख उलटलेली नसेल तर काळजीचं कारणच नाही. आधीच्या पिढ्या फ्रीजशिवायच जगल्या. आणि जाता जाता एक टोमणा: मुळात लक्ष असेल तर माणूस सामान विसरतोच कशाला.

अन्न वाया जाऊ नये ही यामागची तळमळ मला मनापासून पटते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. पण त्याच जगात दूषित अन्नामुळे दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा अंदाज आहे. दगावणाऱ्यांमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण जवळपास तीनात एक आहे. म्हणून हा सल्ला नुसता चुकीचा म्हणून सोडून देता येत नाही. त्यातला एकेक मुद्दा घेऊन बघू.

पहिला मुद्दा नाकाचा. अन्न नासवणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू हे बहुतांशी वेगवेगळे असतात. मांसावर चिकट थर आणणारे, दुधाला आंबट वास आणणारे, भाजी बुळबुळीत करणारे जिवाणू आपली वर्दी देतात, कारण ते अन्नातली प्रथिनं, साखर आणि स्निग्ध पदार्थ मोडून वासाची द्रव्यं तयार करतात. साल्मोनेला, लिस्टेरिया, स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांचं तसं नाही. आजारी पाडण्याइतके वाढले तरी पदार्थाचा रंग, वास, चव बहुधा जशीच्या तशी राहते. पदार्थ विटला की नाक सांगतं, तो घातक झाला आहे का हे त्याला कळत नाही. आंबट वास आलेल्या दुधानं काहीच होऊ नये आणि बिनवासाच्या कोंबडीनं आठवडाभर अंथरूण धरायला लावावं, असंही होऊ शकतं.

चाखून बघणं त्याहून वाईट. स्टॅफिलोकॉकसचं विष एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी पोटात गेलं तरी उलट्या सुरू होऊ शकतात. एवढ्याशा विषाला चव नसते. ट्यूना, मॅकरेल यांसारखे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन साठतं. ते साठलेला मासा दिसायला आणि वासाला ताजा असू शकतो, आणि खाल्ल्यावर काही मिनिटांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात.

दुसरा मुद्दा, ‘उकळलं की झालं’. लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास यावरच असतो, कारण तो अर्धा खरा आहे. उष्णतेनं जिवाणू मरतात, यात वाद नाही. दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवलं तरी त्यातले बहुतेक रोगकारक जिवाणू संपतात. पण जिवाणू मेला म्हणजे त्यानं मरण्याआधी जे तयार करून ठेवलं तेही नष्ट झालं, असं नाही. स्टॅफिलोकॉकसचं विष उकळण्याला दाद देत नाही. हिस्टामिनही शिजवून जात नाही.

याचा जपानमधला पुरावा फार मोठा आहे. मार्च २००० मध्ये होक्काइदो बेटावरच्या स्नो ब्रँड या कंपनीच्या दूध भुकटीच्या कारखान्यात काही तास वीज गेली. थंड राहायला हवं होतं ते दूध यंत्रांमध्ये कोमट अवस्थेत पडून राहिलं. त्या वेळात स्टॅफिलोकॉकस वाढला आणि त्यानं विष सोडलं. नंतर दूध तापवलं गेलं, जिवाणू मेले, भुकटी तयार झाली. जूनमध्ये ओसाकातल्या कारखान्यात ती भुकटी कमी स्निग्धांशाच्या दुधात वापरली गेली आणि १३,००० हून जास्त लोक आजारी पडले. तिथे तर उष्णतेची प्रक्रिया घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी काटेकोर होती. तरीही आधी वाया गेलेले तास तिला भरून काढता आले नाहीत.

शिजवलेल्या भाताची गोष्ट याच जातीची. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट, सुप्त रूपं, तांदळात असतात आणि शिजवण्यातून वाचतात. भात कित्येक तास उबेत राहिला की ते रुजतात आणि त्यांच्या काही जाती असं विष तयार करतात, की ते १२१ अंशांनाही टिकतं. असा भात परतून, वाफवून, उकळून कसाही गरम केला तरी त्या विषाला काही होत नाही. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेला भात किंवा मांसाचा शिजवलेला पदार्थ ‘गरम करून’ मुलांच्या ताटात वाढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘शंका वाटली तर उकळा’ हेच या सल्ल्यातलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे.

फ्रीजरबद्दल थोडक्यात. उणे १८ अंशांना जिवाणूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत. सहा तास बाहेर राहिलेलं मांस गोठवलं तर सहा तासांत जेवढे जिवाणू वाढले तेवढे तुम्ही जपून ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. वितळल्यावर पुढची वाढ तिथूनच सुरू होते. साध्या फ्रीजचंही तेच, आणि लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढत राहतो.

आता तारीख. पाकिटावर छापलेली तारीख एका अटीवर दिलेली असते आणि ती अट बहुतेक वेळा शेजारीच छापलेली असते: अमुक तापमानाखाली ठेवा. ती अट मोडली की तारखेला अर्थ उरत नाही. चार दिवसांची मुदत शिल्लक असलेलं पाश्चराइज्ड दूध उन्हात तापलेल्या गाडीत दुपारभर राहिलं, तर ते चार दिवस त्याच दुपारी संपले. पाकीट उघडल्यावरही तेच होतं. उलट बाजूनं, ‘या तारखेपूर्वी सर्वोत्तम’ असं लिहिलेल्या कोरड्या वस्तू तारीख उलटली म्हणून विषारी होत नाहीत. ती तारीख चवीची आणि कुरकुरीतपणाची असते. लोक नेमकं उलट करतात. मुदतीतलं पण उबेत राहिलेलं दूध पितात आणि दोन दिवस जास्त झालेली बिस्किटं फेकतात.

आधीच्या पिढ्यांचा दाखला मला अर्धवट वाटतो. फ्रीज नव्हता तेव्हा लोक आठवडाभराचं ताजं मांस आणि दूध आणून ठेवत नव्हते. रोजच्या रोज आणायचं, त्याच दिवशी संपवायचं; उरलं तर वाळवायचं, खारवायचं, धुरी द्यायची, आंबवायचं. पाणी काढून घेतलं, मीठ वाढवलं किंवा आम्लता वाढवली, की बहुतेक जिवाणूंना वाढता येत नाही. फ्रीजचं काम त्यांनी दुसऱ्या मार्गानं केलं. पिशवीत विसरलेल्या सामानाशी त्या शहाणपणाचा काही संबंध नाही. आणि ‘जगल्या’ हा शब्दही जपून वापरायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या शहरांमध्ये उन्हाळा आला की तान्ही मुलं हगवणीनं मोठ्या संख्येनं दगावत, आणि त्यामागे दूषित, उबेत राहिलेल्या दुधाचा मोठा हात होता. जी जगली त्यांच्याच आठवणी आपल्यापर्यंत आल्या.

मग ठरवायचं कशावरून? दोन प्रश्नांवरून: पदार्थ कोणता, आणि तो किती वेळ किती तापमानात होता. साधारण ४ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात. अनुकूल उबेत काहींची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होते. या हिशेबानं दोन तासांत ६४ पट, चार तासांत ४,०९६ पट आणि सहा तासांत २,६२,१४४ पट. प्रत्यक्षात सुरुवातीला वेग कमी असतो, पण वाढीची तऱ्हा हीच. म्हणूनच लवकर नासणाऱ्या पदार्थांसाठी बाहेर राहण्याची मर्यादा दोन तास धरतात, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हे तास दुकानाच्या शीतकपाटातून वस्तू उचलली तिथून मोजायचे, घरी पोचल्यापासून नव्हे. नक्की किती वेळ झाला हे आठवत नसेल तर बिल काढा; त्यावर बहुधा वेळ छापलेली असते.

हा नियम कच्चं आणि शिजवलेलं मांस, मासे, पाश्चराइज्ड दूध, मलई, मऊ चीज, शिजवलेलं अन्न, चिरलेलं खरबूज-कलिंगड, चिरलेल्या पालेभाज्या यांना लागू आहे. सगळ्या पिशवीला नाही, आणि इथे मात्र ‘घाबरून फेकू नका’ हे म्हणणं मला मान्य आहे. अख्खी फळं आणि भाज्या रात्रभर बाहेर राहिल्यानं धोकादायक होत नाहीत, फार तर कोमेजतात. कांदे, बटाटे, केळी तर फ्रीजबाहेरच बरी. लोण्यात पाणी कमी आणि स्निग्धांश सुमारे ८० टक्के, कडक चीजमध्येही ओलावा कमी. एका रात्रीनं त्यांचं सहसा बिघडत नाही. व्हिनेगरमधली लोणची, केचप, मोहरीची चटणी आम्लतेमुळे टिकतात. अतिउच्च तापमानावर प्रक्रिया केलेलं दूध सीलबंद असेपर्यंत बाहेर ठेवण्यासाठीच बनवलेलं असतं. अंड्यांचं उत्तर ती कशी विकली जातात त्यावर आहे: जिथे ती धुऊन, थंड ठेवून विकतात तिथे ती थंडच राहायला हवीत; न धुतलेल्या अंड्यांच्या कवचावरचं नैसर्गिक आवरण शाबूत असतं, त्यामुळे ती जास्त तग धरतात. गोठवलेल्या पाकिटात अजून बर्फाचे कण असतील आणि आतला भाग फ्रीजइतका गार असेल, तर ते परत गोठवता येतं. पोत जरा बिघडेल, इतकंच.

राहिला तो टोमणा. विसरणं हे बेपर्वाईचं लक्षण आहे, हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. झालेली गोष्ट आठवणं आणि पुढे करायची गोष्ट वेळेवर आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम व्यत्ययानं चटकन मोडतं. दारात पाऊल ठेवताच फोन वाजला, मूल रडलं, कुणी हाक मारली, की ‘सामान लावायचं आहे’ हा विचार मागे पडतो, आणि पिशवी नजरेआड असेल तर त्याची आठवण करून देणारं काही उरत नाही. थकलेल्या, एकट्यानं घर सांभाळणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे जास्त होतं. त्यावर दोष देऊन उपयोग नाही. थंड वस्तू दुकानातच एका वेगळ्या पिशवीत घालाव्यात, घरात शिरल्यावर तीच पिशवी सरळ फ्रीजपाशी न्यावी, बाकीचं सामान संध्याकाळपर्यंत पडून राहिलं तरी चालेल. गाडीच्या डिकीत ठेवायची वेळ आलीच तर घराची किल्ली त्याच पिशवीत टाकावी.

या सल्ल्याखाली नेहमी कुणीतरी लिहितं की आम्ही कायम असंच खातो, आम्हाला कधी काही झालं नाही. खरंही असेल. प्रत्येक वेळी जिवाणू असतातच असं नाही, आणि धडधाकट माणूस पुष्कळ काही पचवतो. पण स्टॅफिलोकॉकसच्या विषाचा त्रास काही तासांत होतो, साल्मोनेलाचा सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही, आणि लिस्टेरियाचा गंभीर आजार काही आठवड्यांनीही उघड होऊ शकतो. तोवर त्या विसरलेल्या पिशवीशी त्याची सांगड कोण घालणार? गरोदर बाईला लिस्टेरियाचा त्रास साध्या तापासारखा वाटतो आणि गर्भ दगावू शकतो. तान्ही मुलं, म्हातारी माणसं, कर्करोगाचे उपचार घेणारे यांच्या बाबतीत दोन तासांची मर्यादा सैल करू नका. आणि असं काही आधीच खाल्लं गेलं असेल तर क्षार-साखरेचं पाणी घोटघोट घेत राहा. शौचातून रक्त आलं, ताप चढला, पाणीही पोटात ठरेना, किंवा घरातली व्यक्ती या गटांपैकी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि काय, किती वाजता खाल्लं तेही त्यांना सांगा.