डेटनहून: फेटाळलेला एक अर्ज

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने एक पान पाठवले आणि त्याखाली लिहिले, "मामा, आमच्या ग्रुपला पेटंट मिळालं." तो महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. पान नीट वाचल्यावर कळले की पेटंट मिळालेले नव्हते, तर अर्ज पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला होता. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी, आणि शुल्क भरून मागणी केल्यास त्याआधीही, प्रसिद्ध होतो. त्याची खरी तपासणी वेगळी मागणी केल्यावरच होते. महाविद्यालयाने मात्र फलकावर अभिनंदन लावून टाकले होते. मी त्याला फक्त एवढेच विचारले, "तुमचा पहिला दावा काय आहे?" दावा म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारे अर्जातले वाक्य. तो त्याला माहीत नव्हता, कारण अर्ज दुसऱ्याच कोणीतरी लिहिला होता.

मी यंत्र-अभियंता आहे आणि अनेक वर्षे ओहायोतल्या डेटन शहराजवळ राहतो. हे राइट बंधूंचे गाव. ऑर्व्हिलने स्वतः लक्ष घालून पुन्हा उभे करवलेले 1905 चे विमान येथल्या संग्रहालयात आहे आणि पाहुण्यांना मी ते आवर्जून दाखवतो. तरीही मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट कागदावरची आहे. विल्बर आणि ऑर्व्हिल यांनी पेटंटसाठी पहिला अर्ज 23 मार्च 1903 रोजी, म्हणजे किटी हॉक येथल्या त्यांच्या पहिल्या विमानोड्डाणाच्या जवळजवळ नऊ महिने आधी, स्वतःच लिहून पाठवला होता आणि तो फेटाळला गेला. वर्णन अस्पष्ट आहे, आकृत्या अपुऱ्या आहेत आणि हे यंत्र चालणारच नाही, असा परीक्षकाचा आक्षेप होता. ज्यांनी 1902 मध्ये त्याच रचनेच्या ग्लायडरवर, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानावर, शेकडो वेळा हवेत झेप घेतली होती, त्यांना हे उत्तर मिळाले.

जानेवारी 1904 मध्ये ते येथून चाळीसेक किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला हॅरी टूलमिन या पेटंट वकिलाकडे गेले. टूलमिन यांचे म्हणणे असे की, उडणारे यंत्र म्हणून हक्क मागू नका. ते हवेत तोलून कसे धरता, त्या रीतीवर हक्क मागा. म्हणून 22 मे 1906 रोजी मंजूर झालेल्या 821393 क्रमांकाच्या पेटंटात इंजिन नाहीच. त्यात आहे ते पंखांची टोके परस्परविरुद्ध दिशांना पिळण्याचे आणि त्याच वेळी मागचे उभे सुकाणू वळवण्याचे तंत्र, ज्यामुळे एका बाजूला कललेले विमान पुन्हा सरळ करता येते. पंख पिळण्याऐवजी त्यांच्या कडेला हलणाऱ्या वेगळ्या फळ्या लावल्या तरी तत्त्व तेच राहते, इतकी व्याप्ती दाव्यांच्या शब्दांत होती. म्हणूनच प्रतिस्पर्धी विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांच्याविरुद्धच्या खटल्यात जानेवारी 1914 मध्ये अपील न्यायालयाने राइट यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर विल्बर यांचे निधन होऊन दीड वर्ष झाले होते. त्या खटल्यांनी अमेरिकेतले विमाननिर्मितीचे काम किती अडवून धरले, यावर येथे आजही वाद होतो, आणि 1917 मध्ये महायुद्धाच्या गरजेपोटी सगळ्या कंपन्यांची पेटंटे एकत्र करावी लागली हे खरेच आहे.

अमेरिकेत सगळे नीटच झाले, असे मला म्हणायचे नाही. जॉर्ज सेल्डन यांनी मोटारगाडीचा अर्ज 1879 मध्ये केला, त्यात सतत दुरुस्त्या करत तो लांबवला आणि 1895 मध्ये पेटंट मिळवले. गाडी बाजारात न आणताच त्यांच्या पेटंटाच्या जोरावर बहुतेक कारखानदारांकडून रॉयल्टी गोळा झाली. हेन्री फोर्ड लढले आणि 1911 मध्ये जिंकले. पण ते जिंकले तेही सेल्डन यांचे स्पेसिफिकेशन, म्हणजे पेटंटातले लेखी वर्णन, शब्दशः वाचून: त्यात वर्णन केलेले इंजिन वेगळ्या जातीचे होते आणि फोर्डच्या गाडीत ते नव्हते. कागद खोटा आधार देतो तेव्हा त्याला उघडे पाडणाराही तोच कागद असतो.

हे सारे डोळ्यांसमोर असल्यामुळे आपल्याकडचे दोन वाद मला एकच वाटतात. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा दर काही वर्षांनी पुन्हा पसरते. 2015 मध्ये मुंबईत भरलेल्या सायन्स काँग्रेसनंतर तर तिच्यावर घराघरांत वाद झाले. तळपदे यांची जिद्द मला नाकारायची नाही. पण त्या यंत्राचे माप, वजन, पंखांचा आकार, तोल राखण्याची युक्ती, यांतले तपासता येईल असे काहीही आपल्या हाती नाही. त्या काळी हिंदुस्थानात 1888 चा कायदा लागू होता आणि संशोधनाचे लेखी वर्णन देऊन चौदा वर्षांचा अनन्य हक्क मागता येत होता. दुसरा वाद संख्येचा. मार्च 2024 ला संपलेल्या वर्षात भारताच्या पेटंट कार्यालयाने एक लाखाहून अधिक पेटंटे दिली, 2021 पासून शिक्षणसंस्थांना शुल्कात 80 टक्के सवलत मिळाली आणि महाविद्यालयांच्या मूल्यांकनात पेटंटे मोजली जाऊ लागली. सवलत योग्यच आहे. पण चौपाटीची कथा सांगणारा आणि फलकावर आकडा लिहिणारा, दोघेही एकच गोष्ट विचारत नाहीत: लिहिले काय आहे, आणि ते वाचून दुसऱ्या कारागिराला यंत्र बनवता येईल का?

याचे दुःख मला अधिक होते, कारण ज्याचे लिहिलेले आजही वाचता येते असा मराठी संशोधक आपल्याकडे आहे. शंकर आबाजी भिसे, जन्म मुंबई, 1867. छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, ओतणारे यंत्र हा त्यांचा ध्यास होता. वितळलेला शिसे-कथिल-अँटिमनीचा रस साच्यात जाणे, तो गोठणे, साचा उघडून खिळा बाहेर पडणे, हे सगळे एका लयीत घडावे लागते, आणि खिळ्यांच्या उंचीत किंचित फरक पडला तरी छपाई बिघडते. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी खटपट केली, जमशेटजींचे पुत्र सर रतन टाटा यांनी भांडवल घातले. तरी लायनोटाइप आणि मोनोटाइप या खिळे ओतून जुळवणाऱ्या यंत्रांनी व्यापलेल्या बाजारात त्यांचे यंत्र पाय रोवू शकले नाही. 1916 मध्ये ते अमेरिकेत आले आणि 1935 मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारले. त्यांना 'भारताचा एडिसन' म्हणून आपण मोकळे होतो. त्यापेक्षा त्यांची पेटंटे यंत्र-अभियांत्रिकीच्या वर्गात मराठीतून शिकवली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाच्याला मी भिसे यांच्या एका अमेरिकन पेटंटाची पाने पाठवली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. आकृतीतला कुठला भाग आधी हलतो आणि कुठला नंतर, हे वर्णनाशी ताडून पाहताना एका ठिकाणी तो अडला होता. आम्ही दीड तास ती आकृती समोर ठेवून बोललो. फोन ठेवताना तो म्हणाला, "मामा, आमचा अर्ज मी आता मागवून घेतलाय. तपासणीची मागणी करायच्या आधी दावे मीच लिहून बघतो."