‘जहाजावर आता माणूस लागणार नाही’ या मेसेजला एका इंजिनिअरचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. चौथे होते आमच्या शेजारचे काका. ते फोन हातात घेऊन घरीच आले. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, मुलगा बारावी सायन्सला आहे आणि त्याला मर्चंट नेव्हीत जायचंय. “वाच की जरा, आणि खरं काय ते सांग बाबा,” म्हणाले.

मेसेज थोडक्यात असा: बिनमाणसांची मालवाहू जहाजं आली आहेत. दहा वर्षांत सगळी जहाजं तशीच चालणार. ऐंशी टक्के अपघात माणसाच्या चुकीनं होतात, ते थांबतील. पगार वाचल्यानं भाडं निम्मं होईल. चाचेगिरी संपेल. तेव्हा पोरांना मर्चंट नेव्हीत घालून त्यांचं आयुष्य वाया घालवू नका.

मी एकोणीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

“बिनमाणसांची जहाजं आली आहेत.”

आली आहेत, पण कुठली आणि किती लांब जाणारी, ते मेसेजमध्ये नाही. सगळ्यांत गाजलेलं नाव नॉर्वेच्या ‘यारा बर्कलँड’चं. ८० मीटर लांबीचं, वीस फुटी १२० कंटेनर नेणारं, पूर्ण बॅटरीवरचं जहाज. २०२२ पासून ते खताच्या कारखान्यातला माल जवळच्या ब्रेव्हिक बंदरात नेतं. अंतर जेमतेम सात सागरी मैल. ट्रकच्या वर्षाला ४०,००० फेऱ्या वाचवायचा त्यांचा हिशोब आहे आणि तो मला मनापासून पटतो. पण तेही सुरुवातीची वर्षं माणसं जहाजावर ठेवूनच चालवलं गेलं. अशाच दोन बोटी, ‘मारित’ आणि ‘तेरेसे’, आपल्या कोचीन शिपयार्डनं नॉर्वेच्या ‘आस्को’ कंपनीला बांधून दिल्या. ट्रेलर भरून ओस्लोची खाडी ओलांडायची, एवढं त्यांचं काम. २०२२ मध्ये त्या नॉर्वेला गेल्या त्या दुसऱ्या मोठ्या जहाजाच्या पाठीवर बसून. खाडीपुरती बॅटरी महासागराला पुरत नाही.

महासागर ओलांडल्याचं उदाहरण म्हणून कोरियाच्या ‘प्रिझम करेज’ या गॅसवाहू जहाजाची बातमी फिरते. २०२२ मध्ये ते टेक्सासहून पनामा कालव्यातून कोरियाला गेलं, सुमारे २०,००० किलोमीटर. त्यातलं निम्मं अंतर संगणकानं मार्ग आणि वेग ठरवून पार केलं. मोठीच गोष्ट, पण पूर्ण प्रवासभर खलाशी जहाजावर होते.

खरोखर एकही माणूस नसताना अटलांटिक ओलांडायला निघाली ती ‘मेफ्लॉवर’ नावाची १५ मीटरची संशोधन बोट. २०२१ मध्ये बिघाड झाला म्हणून तिला माघारी बोलवावं लागलं. २०२२ मध्ये ती पुन्हा निघाली. वाटेत वीजनिर्मितीत बिघाड झाला, मग तिला अझोर बेटांवर नेऊन दुरुस्त केलं. पुढं पुन्हा विजेचीच अडचण आली आणि अमेरिकेऐवजी कॅनडाच्या हॅलिफॅक्सला ती लागली. तिथवर रस्ता शोधणं तिला जमलं. अडलं ते दुरुस्तीपाशी.

“दहा वर्षांत सगळी जहाजं बिनमाणसांची.”

मेसेज लिहिणाऱ्याची मूळ गफलत इथं आहे. त्याला वाटतं, जहाजावरची माणसं जहाज ‘चालवायला’ असतात. खुल्या समुद्रात जहाज ऑटोपायलटवरच असतं. आणि पन्नासएक वर्षांपासून मोठ्या जहाजांची इंजिनरूमसुद्धा रात्री रिकामी असते. ड्युटीवरचा इंजिनिअर केबिनमध्ये झोपतो, अलार्म त्याच्या उशाशी वाजतो, मग तो खाली उतरतो. म्हणजे यंत्रानं आपलं आपण चालण्याची गोष्ट आमच्याकडं जुनी आहे.

काकांना मी त्यांच्याच कारखान्यातलं सांगितलं. धागा तुटला की माग आपोआप थांबतो. पूर्वी एक कामगार दोन माग बघायचा, आता नव्या मागांवर कितीतरी जास्त बघतो. पण तुटलेल्या धाग्याला गाठ कोण मारतं? ते म्हणाले, “माणूस. गाठीला माणूसच लागतो.” जहाजावर आम्ही त्या गाठीसाठी असतो.

एक रात्र सांगतो. अरबी समुद्र, पावसाळ्याची सुरुवात, पावणेतीनला केबिनमध्ये अलार्म. स्क्रीनवर एवढंच: प्युरिफायरचा दाब कमी. मोठ्या जहाजाचं इंधन म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल. ते तापवून, गाळून, त्यातलं पाणी आणि गाळ काढूनच इंजिनला द्यावं लागतं, आणि ते काम प्युरिफायरचं. नेहमीसारखा गाळ साचला असेल असं समजून मी खाली गेलो. दार उघडताच तापलेल्या तेलाचा वास आला, रोजच्यापेक्षा उग्र. टॉर्च मारला. हीटरच्या एका जोडातून थेंब थेंब तेल गळत होतं आणि वाफेच्या पाइपावरच्या आवरणावर पडत होतं. आवरण पुरतं भिजलेलं, कडेनं बारीक धूर. हीटर बंद केला, दुसरा चालू केला, भिजलेलं आवरण कापून काढलं, खालचं तेल पुसलं. सकाळी जोड उघडला तर आतली पॅकिंग एका बाजूला चिरलेली. अलार्म वाजला होता तो दाबासाठी. ते गळणारं तेल कुठल्याच स्क्रीनवर नव्हतं.

कोणी म्हणेल, तिथं कॅमेरा लावा, वासाचा सेन्सर लावा. लावतील. पण मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराहून केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून युरोपला महिनाभर लागतो. त्या महिन्यात अशा पन्नास गोष्टी होतात. सेन्सर सांगेल, पॅकिंग कोण बदलणार? त्यासाठी इंजिनच वेगळं लागेल, महिनाभर हात न लावता चालणारं. आजच्या ताफ्यातली इंजिनं तशी नाहीत, आणि जहाज एकदा बांधलं की वीस-पंचवीस वर्षं चालतं.

नियमांचंही असंच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं अशा जहाजांचे चार टप्पे मानले आहेत. पहिल्या दोनांत माणसं जहाजावरच असतात. बातम्यांत ‘स्वयंचलित’ म्हणून येतात ती बहुतेक जहाजं पहिल्या टप्प्यातली. आधी ऐच्छिक नियमावली आणि २०३२ पासून ती बंधनकारक, असं संघटनेचं नियोजन आहे. २०३२ ला नियम लागू होतील, माणसं उतरणार नाहीत.

“ऐंशी टक्के अपघात माणसाच्या चुकीनं.”

असे आकडे खूप ठिकाणी दिसतात. पण त्यांत झालेले अपघात मोजलेत. माणसानं टाळलेले कोण मोजतो? माझ्या त्या रात्रीची नोंद लॉगबुकात एका ओळीची आहे.

२६ मार्च २०२४ ची अमेरिकेतल्या बाल्टिमोरची घटना आठवा. ‘डाली’ जहाजाची वीज गेली आणि ते पुलावर आदळलं. जहाजावर २१ खलाशी, त्यांतले २० भारतीय. तपासात निघालं काय, तर एका वायरवरच्या नावाच्या पट्टीमुळं ती वायर आपल्या जागेत पूर्ण बसलीच नव्हती. म्हणजे चूक माणसाचीच, पण ती सुकाणूवरच्या माणसाची नव्हती. वायर जोडणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची होती. जहाज रिकामं केलं तरी हा माणूस जात नाही, फक्त किनाऱ्यावर बसतो. आणि त्या चार मिनिटांत काय झालं तेही बघा. पायलटनं, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या जाणकारानं, रेडिओवर धोक्याचा इशारा दिला, नांगर टाकायला लावला, पोलिसांनी दोन्ही बाजूंनी गाड्या थांबवल्या. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले, ते दुःख आहेच. गाड्या थांबल्या नसत्या तर आकडा कुठं गेला असता?

इथं एक गोष्ट मात्र मी मेसेजच्या बाजूनं मान्य करतो. जून २०२५ मध्ये केरळजवळ ‘वान हाय ५०३’ पेटलं. २२ पैकी १८ जण वाचले, चार बेपत्ता झाले. कंटेनरमध्ये काय भरलंय हे अनेकदा खलाशांना धड माहीतही नसतं. जिथं जहाजावर कोणी नाही, तिथं कोणी जळणार नाही. बिनमाणसांच्या जहाजाची सगळ्यांत मोठी बाजू हीच आहे, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही.

“भाडं निम्मं होईल.”

सोलापुरातल्या टॉवेल आणि डाळिंबवाल्यांना हे गोड वाटणार, म्हणून स्पष्ट सांगतो. चाळीस फुटी कंटेनरचं जगातलं सरासरी भाडं २०१९ मध्ये दीड हजार डॉलरच्या आसपास होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,००० डॉलरच्या वर गेलं. जहाजं तीच, खलाशी तेवढेच. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं केपवरून वळली आणि भाडं पुन्हा चढलं. भाडं ठरतं ते मागणीवर, मोकळ्या कंटेनरवर आणि इंधनावर. मोठ्या जहाजावर वीस-पंचवीस माणसं हजारो कंटेनर नेतात. एका कंटेनरच्या वाट्याला त्यांचा पगार किती येतो, याचा हिशोब काकांनी तिथंच मनात केला आणि मान हलवली.

“चाचेगिरी संपेल.”

ओलीस धरायला माणूसच नसेल तर खंडणीचा धंदा अवघड होईल, हे खरं. पण चोराला मग चढायची गरज उरत नाही. जून २०१७ मध्ये एका संगणक विषाणूनं मर्स्क या बड्या जहाज कंपनीचं काम जगभर ठप्प केलं, न्हावाशेवाचं एक टर्मिनलही त्यात अडकलं. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर. त्याच महिन्यात काळ्या समुद्रात वीसहून जास्त जहाजांचं जीपीएस त्यांना जमिनीवरच्या विमानतळावर दाखवत होतं. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतल्या, अधिकाऱ्याला खिडकीतून पाणी दिसतं, म्हणून तो जीपीएस बाजूला ठेवतो आणि रडार बघतो. हा संशय यंत्राला शिकवणं हे आजचं मोठं काम आहे, आणि ते सुरूही आहे.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते. जेवण झालं की मी कधीकधी ब्रिजवर जायचो. रत्नागिरीच्या बाहेर रात्री मासेमारीच्या होड्या असतात. काही लाकडी, कशावरही नोंद नसलेल्या. मोठं जहाज अंगावर येतंय असं दिसलं की त्यातला एखादा टॉर्च हलवतो. एवढाच सिग्नल. आमचा थर्ड ऑफिसर तो ठिपका बघून सुकाणू वळवायचा. आणि समुद्रात कोणी बुडत असेल तर जवळच्या जहाजानं त्याला उचलायचं, हा कायदा आहे आणि कायद्याच्या आधीपासूनची रीत आहे. रिकाम्या जहाजातून दोर कोण टाकणार? कोकणातल्या ज्या घरातला माणूस होडीवर आहे, त्या घराला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

“पोरांना मर्चंट नेव्हीत घालू नका.”

२०२१ च्या जागतिक अहवालात खलाशांची संख्या १८.९ लाख होती, आणि सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत होता. २०२६ पर्यंत आणखी ८९,५१० अधिकारी लागतील असा अंदाज त्याच अहवालात होता. काम बदलेल, हे नक्की. आज शिकणाऱ्या मुलाला पाना धरता यायला हवा आणि विजेचे सर्किट, सेन्सर, नेटवर्कही समजायला हवं. इलेक्ट्रिकल बाजू पक्की असलेल्याला किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षातही उद्या जागा असेल.

भीती बाळगायचीच तर एजंटांची बाळगा. “तीन लाख द्या, सहा महिन्यांत जहाजावर” म्हणणारे आपल्या जिल्ह्यातही फिरतात. मुलगा परदेशात एखाद्या भंगार बोटीवर अडकतो, पगार नाही, कागदपत्रं जप्त. नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना नसेल तर त्या माणसाला चहासुद्धा पाजू नका. आणि कॉलेजात प्रवेश घेण्याआधी विचारा, प्रशिक्षणासाठी जहाज कोण देणार, कुठली कंपनी लेखी देते. ट्रेनिंगसाठी जहाज न मिळाल्यामुळं वर्षानुवर्षं घरी बसलेली पोरं मला माहीत आहेत.

काकांच्या मुलाकडं दोन संस्थांची माहितीपत्रकं आहेत. त्यातल्या एकीत परवान्याचा क्रमांकच छापलेला नाही. उद्या संध्याकाळी सातला कारखाना सुटला की दोघं येणार आहेत, तेव्हा क्रमांक मिळतो का ते बघू. तुमच्याकडंही अशी कागदपत्रं असतील तर घेऊन या, मी घरीच असतो.