मुलींची एखादी जोड ठेवा की!

यात्रा जवळ आली, पावती पुस्तकं छापून झाली, पहिल्या तीन नंबरच्या कुस्त्या ठरल्या, आणि कमिटीच्या बैठकीत चहा संपता संपता कुणीतरी म्हणालं, "यंदा मुलींची एखादी जोड ठेवा की, बरं दिसतं." अभिनंदन! तुमचं गाव पुरोगामी झालं. आता थोडं मार्गदर्शन तेवढं लागेल आणि ते द्यायला मी पात्र आहे. मी स्वतः लढले, आता तालमीत पोरी तयार करते आणि जमेल तसं महिलांचं मैदानही भरवते. त्यात परवाच एका गावच्या कमिटीनं माझी उजळणी करून घेतली आहे, तेव्हा ताजं आहे तोवर लिहून टाकते.

सुरुवात जोड लावण्यापासून. वजनकाटा अजिबात आणू नका. दोघी मुली आहेत, दोघींना वेणी आहे, लागली जोड. ऑलिंपिकवाल्यांना दुसरे उद्योग नाहीत म्हणून ते बायकांचे ५० किलोपासून ७६ किलोपर्यंत सहा गट पाडतात. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटला फायनलच्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून थेट बाहेर काढलं. आदल्याच दिवशी तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं, जी तोवर एकही आंतरराष्ट्रीय कुस्ती हरली नव्हती. तिथे १०० ग्रॅम. आपल्याकडे बारा-पंधरा किलोंचा फरक "उन्नीस-बीस चालतंय ओ ताई" मध्ये बसतो. आणि मान लचकलीच, तर डॉक्टर व्यासपीठावर बसलेलेच असतात, सत्काराच्या यादीत नाव आहे त्यांचं.

कपडे बदलायला जागा? पाण्याच्या टँकरमागे भरपूर आहे.

निवेदकाला सांगून ठेवा की पोरीचं नाव, गाव, तालीम, आजवरची पदकं असल्या रुक्ष गोष्टींत शिरायचं नाही. रणरागिणी, वाघीण, झाशीची राणी, झालंच तर एक हिंदी डायलॉग, एवढ्यावर भागतं. पुरुष पैलवान आला की मात्र त्याच्या आज्यानं कुणाला कुठल्या फडात चारी मुंड्या चीत केलं होतं इथपासून सुरुवात व्हायला हवी.

वस्तादांचा मान चुकवू नका. म्हणजे पोरींना घेऊन जी बाई आली आहे, जी त्यांच्या हाताला पट्ट्या बांधते आहे, तिलाच विचारायचं, "वस्ताद कुठायत?" मग तिच्या नवऱ्याला शोधून फेटा बांधायचा. आमच्या यजमानांचं खताचं दुकान आहे. ढाक आणि मोळी या दोन डावांतला फरक त्यांना आजतागायत कळलेला नाही. गाडी चालवायला म्हणून आले होते बिचारे. फेटा त्यांना शोभला, हे मात्र खरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. मुलींची कुस्ती दुपारी चारला जाहीर करा म्हणजे पोरी दोनला हजर होतात. परवा आमच्या झाल्या. दुपारी हलकं खाल्लं, अंग तापवून घेतलं, फडाच्या कडेला जाऊन बसल्या. चारला हलगी वाजली, पाचला पाहुणे निघाले असं कळलं, सहाला पाहुणे आले, मग त्यांनी आखाड्याचं पूजन केलं, मग त्यांचं भाषण झालं, त्यात कुस्ती ही आपली संस्कृती असल्याचं कळलं, मग सत्कार. सत्कार हा एक वेगळाच क्रीडाप्रकार आहे आणि त्यात वजनगट खरंच नाहीत. आजी, माजी, भावी, त्यांचे पुतणे, मंडपवाला, स्पीकरवाला. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. पुन्हा फोटो, कारण आधीच्यात कुणीतरी डोळे मिटले होते. तोवर अंगावर माती सुकली, पोरी दोनदा पुन्हा गरम झाल्या आणि दोनदा गार पडल्या. एकीनं विचारलं, "ताई, केळं खाऊ का?" मी नको म्हटलं, कारण कुठल्याही क्षणी पुकारतील. पुकारलं रात्री नऊला.

आणि मग काय कुस्ती लागली! पोरीनं खडाखडीत वेळ न घालवता पट काढला, मागे जाऊन कब्जा घेतला, समोरचीही कच्ची नव्हती, गुडघे मातीत रोवून बसली. लोक उभे राहिले. शिट्ट्या थांबल्या. म्हाताऱ्या पैलवानांच्या माना पुढे आल्या. पोर भारंदाज डावाला हात घालते तोच पंचांनी येऊन दोघींच्या पाठीवर थाप मारली: बरोबरीत! दोन मिनिटं झाली असतील नसतील. का, तर पहिल्या नंबरचे पैलवान लांघ कसून आले होते आणि पाहुण्यांना पुढच्या गावाला जायचं होतं.

जाहीर केलेलं इनाम अकरा हजार. पाकिटात दोन हजार, दोघींत मिळून. मी खजिनदारांना विचारलं, तर म्हणाले, "निकाली झाली असती तर पूर्ण दिलं असतं."

निकाली होऊ कुणी दिली नाही, हो?

रिओला २०१६ मध्ये, ऐन राखी पौर्णिमेच्या दिवशी, साक्षी मलिक ०-५ नं मागे होती. दुसऱ्या फेरीत तिनं ओढून आणलं, शेवटचे गुण तर अगदी अखेरच्या काही सेकंदांत घेतले, आणि ८-५ नं कांस्यपदक काढलं. त्या ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं पदक. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या पूर्ण होऊ दिल्या म्हणून निघालं ते. आपली कमिटी तिथे असती तर पहिल्या फेरीनंतरच दोघींना नारळ देऊन मोकळी झाली असती. आणि वर दुसऱ्या दिवशी गावात साक्षीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला असता, कमिटीच्या सगळ्यांच्या फोटोंसकट.

घाई तर मुळीच नको. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून भरते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत २०२३ ला झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, समोर कल्याणची वैष्णवी पाटील होती. बासष्ट वर्षं. एवढं थांबलो, अजून पाच तास थांबलो तर काय बिघडतं?

परंपरेचाही आधार आहे तुम्हाला. हमीदा बानू नावाची पैलवान होऊन गेली. जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं पुरुषांना आव्हान देणारी. १९५४ ला बडोद्यात तिनं बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. पुण्यात तिची रामचंद्र साळुंखे यांच्याशी कुस्ती ठरली होती, ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. आणि कोल्हापुरात, आपल्या कुस्तीपंढरीत, तिनं पुरुष पैलवानाला हरवलं तर लोकांनी तिला दगड मारले. उतारवयात ती कल्याणला दूध विकून दिवस काढत होती. आता दगड मारत नाहीत. साडी-चोळी देतात आणि पाकीट हलकं करतात. सुधारणा आहे.

एखादी बाई स्वतःच मैदान भरवायला निघाली, तर तिच्यासाठीही सूचना आहेत. प्रायोजकाकडे जाताना सोबत पुरुष न्या, नाहीतर तो तुम्हाला बचत गटाच्या पापडांचा भाव विचारेल. तो म्हणेल, नुसत्या मुलींच्या कुस्त्यांना गर्दी होत नाही, रात्री लावणी ठेवा. हो म्हणा. बॅनरवर वरच्या दोन रांगा त्याच्या घरच्यांना द्या. २०२४ मध्ये साक्षी मलिक आणि गीता फोगाट यांनी स्वतःची लीग काढतो म्हणून जाहीर केलं, तर कुस्ती महासंघानं आपली मान्यता नाही म्हणून सांगून टाकलं. एक ऑलिंपिकची पदकविजेती, दुसरी राष्ट्रकुलमध्ये सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला पैलवान. आम्ही तर तालुक्याच्या बाहेर कुणाला माहीत नाही.

पण आता पुरे झाली ही चेष्टा. मला हसू येत नाहीये.

मुलींची कुस्ती तुम्हाला ठेवायची नसेल तर ठेवू नका. कुणी जबरदस्ती केलेली नाही. पण ठेवलीत तर ती कुस्ती आहे, पाहुणे येईपर्यंत लोक बसवून ठेवायची सोय नव्हे. ज्या पोरीला तुम्ही रात्री नऊपर्यंत उपाशी बसवलंत तिचा बाप ऊसतोडीला जातो. तिच्या खुराकाला महिन्याला किती लागतात, दूध-बदाम-तूप काय भावानं येतं, हे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे, कारण तुमच्याही घरात पैलवान आहेत. तुमच्या पोराची कुस्ती कुणी दोन मिनिटांत सोडवली असती तर तुम्ही फडात उतरला असता, पंचाची गचांडी धरली असती. तेव्हा "ताई, समजून घ्या" हे मला ऐकवू नका. काय समजून घ्यायचं? वर्गणी बायकांच्या हातून घेता, घरोघर जाऊन. ते पैसे मोजताना कुणी निम्मे करत नाही.

जाहीर केलं तेवढं इनाम द्या, आणि पाकिटातून नको, पोरीच्या खात्यावर. वजनकाटा आणा, दूध संघात आहे, खताच्या दुकानात आहे, मागितला तर मीच देईन. आडोशाला कनात लावा. वेळ दिलीत ती पाळा, पाहुण्यांचा सत्कार त्यांच्या घरी जाऊन करा. आणि पंचांना सांगा, पोरीनं डाव लावला असेल तर पाठीवर हात ठेवायचा नाही.

परवाचे नऊ हजार अजून यायचे आहेत. ते आले नाहीत तर पुढच्या यात्रेला आमच्या तालमीतली एकही पोर तुमच्या फडात उतरणार नाही, आणि बाकीच्या तालमींनाही का ते मी फोन करून सांगणार आहे.