गोठ्यामागचा बुंधा

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागात घडणाऱ्या कादंबऱ्या म्हटलं की लोकांना घोडे आणि पिस्तुलं आठवतात. मला आठवतो एक बुंधा.

जॅक शेफरच्या 'शेन' (१९४९) मधला. साल १८८९, वायोमिंग. वाटसरू शेन जो स्टारेटच्या घरी जेवतो, मुक्कामाला राहतो. दुसऱ्या दिवशी एक फेरीवाला जोला ११० डॉलरला शेतीचं अवजार विकायला बघतो. शेन शांतपणे सांगतो, हेच मी शायेन शहरातल्या दुकानात ६० डॉलरला पाहिलंय. फेरीवाला त्यालाच खोटं पाडायला जातो, पण जो कालच भेटलेल्या या माणसाचा शब्द खरा मानतो. शेन आभार मानत बसत नाही. कुऱ्हाड उचलतो आणि गोठ्यामागच्या, जोला दाद न देणाऱ्या बुंध्याच्या मुळांवर घाव घालायला लागतो. थोड्या वेळाने जो दुसरी कुऱ्हाड घेऊन समोर उभा राहतो. बायको म्हणते, घोडे जुंपा की! जो ऐकत नाही. हा बुंधा आता दोघांच्या मनगटांनीच निघायला हवा.

आमच्याकडे याला सावड फेडणं म्हणतात. मामाच्या भातलावणीला शेजारी दोन दिवस राबले, की मामा त्यांच्या खाचरात दोन दिवस जायचाच, अंगात कणकण असली तरी. म्हणून शेन मला कधी परका वाटला नाही.

वेस्टर्न कादंबरीकार लुई लामूरचा नायक हाँडोही तसाच. अनोळखी बाईच्या दारात आल्यावर लाकडं फोडतो, घोड्यांना नाल ठोकतो. लामूरने स्वतः पंधराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत, लाकूडतोडीत कामं केली होती. आजच्या कितीतरी नायकांचं पोट कशावर चालतं हेच कळत नाही!

एक गोष्ट मात्र खुपते. १८६२च्या होमस्टेड कायद्याने जोसारख्या शेतकऱ्यांना १६० एकर सरकारी जमीन मिळायची, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसली तर. पण वायोमिंगची ती जमीन आधी शोशोनी, अरापाहो, शायेन या आदिवासी जमातींची होती, आणि त्यांच्या बाजूने या कादंबऱ्या क्वचितच बोलतात. वाचताना हे विसरू नये. तरीही शेनचा तो दिवस मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

मराठीतून सुरुवात करायची तर जी. ए. कुलकर्णींनी अनुवादलेलं कॉनरॅड रिक्टरचं 'रान' घ्या. ते ओहायोच्या जंगलातलं, त्यात काउबॉय नाहीत. पण आई गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणारी थोरली मुलगी भेटेल.