शिंब्याचा चातुर्मास

कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू घरात आलं की घरातलाच नव्हे, अख्ख्या सोसायटीतला माणूस न् माणूस आहारतज्ज्ञ होतो. आमचं पिल्लू पार्किंगमध्ये जन्मलेलं, शुद्ध गावठी. मुलीने त्याचं नाव सिंबा ठेवलं. आईने पहिल्याच दिवशी त्याचा शिंब्या केला आणि वाटीभर दूध पुढे सरकवलं. शिंब्याने ते क्षणात संपवलं आणि रात्रभर त्याचा हिशेब हॉलभर मांडला.

डॉक्टर म्हणाले, दूध बंद.

"पिल्लाला दूध नाही? मग काय चहा पाजायचा?" आई.

डॉक्टरांनी समजावलं, की गाईच्या दुधात लॅक्टोज जास्त, ते याच्या पोटाला झेपत नाही. आणि कुत्रीच्या दुधात प्रथिनं न् चरबी गाईच्या दुधाच्या दुप्पट तरी असतात. गोमातेचा हा अपमान आईने गिळला खरा, पण पचवला नाही.

मग वर्ज्य पदार्थ आले. चॉकलेट नको, शिजवलेली हाडं नकोत. बेदाणे-द्राक्षं मुळीच नकोत, मूत्रपिंडं निकामी होतात. कांदा-लसूण तर नावालाही नको, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. इथे आई उजळली. "म्हणजे चातुर्मास पाळतो की! घरात हा एकच धार्मिक निघाला."

"आणि रोज थोडं चिकन, अधूनमधून उकडलेलं अंडं," डॉक्टर म्हणाले. धर्म तिथेच बुडाला.

शेवटी तयार खाद्याचं पाकीट आणायचं ठरलं. कुत्र्याची पिल्लं वाढीला लागलेली असतात, त्यांच्या कोरड्या खाद्यात निदान 22.5 टक्के प्रथिनं हवीत, असं कळलं. आमच्या घरात एवढी प्रथिनं आजवर कुणाच्याच ताटात पडलेली नाहीत. पाकिटामागे तक्ता होता: मोठेपणी अपेक्षित वजन किती, त्यावरून आत्ता किती ग्रॅम. आता गावठी पिल्लाचं अपेक्षित वजन काय सांगायचं? वडील कोण हे नक्की नाही. संशय तिघांवर आहे, आणि त्यातला एक जेमतेम मांजराएवढा आहे.

खाणं एकदम बदलायचं नाही, आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत जायचं. या वयात दिवसातून चार वेळा द्यायचं. हे नियम सगळ्यांना पाठ आहेत, फक्त आधी कुणी दिलंय हे कुणी कुणाला सांगत नाही. शिंब्या प्रत्येकासमोर दुष्काळग्रस्त चेहरा करून बसतो आणि प्रत्येकजण विरघळतो.

बी विंगमधले लॅब्राडोरवाले काका कॅल्शियमची पावडर घेऊन आले. म्हटलं, पाकिटात आहे तेवढं पुरतं. वरून जास्त दिलं तर वाढत्या हाडांचं उलट नुकसान होतं, मोठ्या जातीच्या पिल्लांचं तर जास्तच. काकांनी माझ्याकडे आणि मग शिंब्याच्या काडीसारख्या पायांकडे पाहिलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये ते आकड्यांकडे बघतात. सत्यनारायणाच्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्याच्यापुढे प्रसादाचा शिरा धरला, वर भरघोस बेदाणे. मी झडप घालून तो काढून घेतला. प्रसाद हिसकावणारा नास्तिक म्हणून मी आता तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रसिद्ध आहे.

आईने मात्र गॅलरीत जुनी इंडक्शन शेगडी मांडली आहे. तिथे अंड्याचं वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळा चिमटा. स्वयंपाकघरात त्यातलं काही आणायचं नाही. परवा नाकाला पदर लावून तिने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि मला हाक मारली, "अरे, डॉक्टरांना फोन लाव. अर्धं द्यायचं की अख्खं, विचार. आज श्रावणी सोमवार आहे म्हणून त्याला उपाशी ठेवू का मी?"