हरभऱ्याएवढा खडा

मी एकतीस वर्षे मालवण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवले आणि त्यांतली निदान पंचवीस वर्षे फळ्यावर विहिरीच्या पंपाची आकृती काढली. आकृती सुबक येत असे. खाली विहीर, तीत सोडलेली नळी, नळीच्या तळाशी झडप, वर पंप आणि पाण्यावर पडणारा हवेचा दाब दाखवणारे खडूचे बाण, सगळे जिथल्या तिथे. पंप पाणी ओढत नाही, तो फक्त नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, हे मी इतक्या ठामपणे सांगत असे की आमच्या घरचा पंप बाईंनीच बसवला असावा, असे मुलांना वाटत असणार. प्रत्यक्षात निवृत्त होईपर्यंत मी त्या पंपाच्या बटणाखेरीज कशालाही हात लावलेला नव्हता.

निवृत्तीनंतर पहिला हात लागला तो स्वयंपाकघरातल्या नळाला. नळ गळत होता आणि गावातला प्लंबर, जो माझाच विद्यार्थी, फोनवर अत्यंत आदराने “बाई, फाल्या येतंय” असे सांगत होता. फाल्या म्हणजे उद्या, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. पण प्लंबरच्या तोंडचा फाल्या ही कोणत्याही पंचांगात न सापडणारी तिथी आहे. तीन आठवडे नळाखाली पातेले ठेवून मी ती तिथी उजाडण्याची वाट पाहिली आणि मग वरच्या टाकीचा कॉक बंद करून, पान्याने नळाची मान पिरगाळून, आतला झिजलेला वायसर स्वतः काढला. नवा वायसर चहाच्या एका कपापेक्षा स्वस्त पडला. नळ थांबला.

आणि घरात कोणाच्या लक्षातही आले नाही! दुरुस्तीच्या कामातले मोठे दुःख हेच आहे. नळ गळत होता तेव्हा त्याच्याविषयी रोज बोलणे होत असे, तो गळायचा थांबताच तो विषयच संपला. मी दोन दिवस वाट पाहिली आणि शेवटी जेवताना ह्यांना विचारले, “काही वेगळे जाणवते का?” ह्यांनी आमटीची चव घेऊन “चिंचेऐवजी आमसूल घातलेस वाटते” असे उत्तर दिले. तेव्हापासून मी पुरावे जपू लागले. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, ह्यांना निरोप समारंभात मिळालेल्या मानचिन्हाशेजारी, सासूबाईंचा एक जुना करंडा रिकामा पडून होता. त्यात तो वायसर ठेवला आणि वर तारखेसह चिठ्ठी चिकटवली. पुढे माजघरातल्या पंख्याचा फुगलेला कपॅसिटर त्यात जाऊन बसला. हे मराठीचे शिक्षक. त्यांनी करंड्यातल्या वस्तूंकडे पाहिले नाही, पण चिठ्ठीवरचा एक ऱ्हस्व उकार मात्र दीर्घ करून ठेवला.

माझी आई चूल घालत असे, पावसाळा संपला की खळे चोपून सारवत असे, माडाची चुडते विणून पडवीला झडीपासून आडोसा करत असे. तिला आयुष्यात कोणी कारागीर म्हटले नाही. शेणामातीत हात घातला तर ते बायकांचे काम आणि तोच हात लोखंडाला लावला तर ती कारागिरी, ही वाटणी कोणी केली कोण जाणे. पण केली त्याला स्वतःला चूल घालता येत नसावी, एवढे नक्की.

पंपाची परीक्षा आली ती मे महिन्यात. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभ्या दगडाच्या भोकांतून तो इतक्या तत्परतेने समुद्राला जाऊन मिळतो की मे महिन्यात विहिरीत डोकावावे तर आपलाच चेहरा फार दूरवर दिसतो. नेमक्या ह्याच महिन्यात मुंबईचे चाकरमानी आंबे खायला येतात. त्या वर्षी घरात आम्ही दोघे धरून तेरा माणसे होती आणि त्यांतल्या सात जणांच्या आंघोळी व्हायच्या असताना पंपाने हवा धरली. मोटर घूं घूं करत होती, पण टाकीत थेंब पडत नव्हता. प्लंबरला फोन केला. फाल्या.

भाऊजी मुंबईला मोठ्या कंपनीत आहेत. त्यांनी पंपाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निदान केले, “वहिनी, अर्ध्या एचपीत काय होणार? एक एचपीची मोटर घ्या.” इथे मात्र माझ्यातली एकतीस वर्षे जागी झाली. मी त्यांना तिथेच, हातात रिकामी कळशी घेऊन सांगितले की मोटर हत्तीएवढी आणली तरी पाणी वर ढकलणारी हवा तेवढीच राहणार. समुद्रसपाटीला ती पाण्याला फार तर १०.३ मीटर चढवू शकते आणि व्यवहारात सात मीटर चढले तरी डोक्यावरून पाणी. इटलीतल्या पंपवाल्यांचे हात ह्याच दहा मीटरांशी टेकले होते आणि टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याची नळी उलटी धरून त्याचे कारण दाखवले. आमचे पाणी दोरी सोडून मोजले तर साडेपाच मीटरांवर होते, म्हणजे टॉरिचेलीकडून परवानगी होती. भाऊजी म्हणाले, “ते ठीक आहे, पण आंघोळीचे काय?”

मी प्लग काढून पंपाला पाणी पाजायला सुरुवात केली. पहिली कळशी गेली, दुसरी गेली, तिसरीही खाली उतरत गेली. नळी भरून राहायला हवी होती, ती राहत नव्हती. म्हणजे तळाची झडप, जिला दुकानात फुटवॉल म्हणतात, मिटत नव्हती. मी मेन स्विच बंद केला, भाऊजींना आणि त्यांच्या दोन मुलांना कामाला लावले आणि विहिरीतून काळा पाइप हातोहात वर ओढून खळ्यात अजगरासारखा पसरला. त्याच्या तोंडावरची क्लिप खाऱ्या हवेने इतकी गंजली होती की स्क्रू ड्रायव्हर लावताच तिचा भुगा झाला.

क्लिप आणायला मी स्वतः बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, “बाई, तुम्ही कित्याक इलास? सरांका धाडूचा व्हता.” सरांना धाडले असते तर त्यांनी ‘क्लिप’ला मराठी प्रतिशब्द विचारला असता, हे मी त्याला सांगितले नाही. एक इंची पाइपाची क्लिप द्या आणि टेफ्लॉन टेप द्या, एवढेच म्हणाले. आणि त्याने मापाविषयी पुन्हा खात्री करून घेतली नाही, ह्याचा मला परतताना रिक्षात बसून अगदी गुदगुल्या झाल्यासारखा आनंद होत होता.

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली. लहानपणी वडील काही दुरुस्त करत तेव्हा बॅटरी धरण्याचे काम माझे असे आणि बॅटरी धरणाऱ्याचे चुकते, हा त्या कामाचा पहिला नियम. आता बॅटरी भाऊजींच्या हातात होती. “भाऊजी, माझ्या डोळ्यांत नको, झडपेत मारा. हलवू नका. अहो, झडपेत!” हे शब्द माझ्या तोंडून निघाले, पण आवाज थेट वडिलांचा होता. फुटवॉल मोकळा करून मी आत पाहिले. जाळीचे एक भोक तुटून मोठे झाले होते आणि रबरी पडद्याखाली, नेमका कडेला, जांभ्याचा हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. सात माणसांना त्याने दिवसभर पारोसे ठेवले होते. तुटके भोक मी तारेचे दोन वेढे देऊन आवळले. आट्यांवर टेप आधी उलटी गुंडाळली गेली. फिरवताना ती सुटून जानव्यासारखी लोंबू लागली, तेव्हा ती काढून आट्यांच्या दिशेने नव्याने गुंडाळली. पाइप विहिरीत सोडला, पाणी पाजले, ह्या खेपेस ते काठोकाठ राहिले. बटण दाबल्यावर आधी दोनदा खोकल्यासारखे झाले आणि मग टाकीत धार पडल्याचा आवाज आला. मी खळ्यात उभी राहून तो टाकी भरेपर्यंत ऐकला. आत भाऊजी मुंबईला फोनवर सांगत होते, “पंप बिघडला होता, पण आम्ही उघडला आणि केला.”

मला राग आला नाही, कारण खडा माझ्याकडे होता. तो धुऊन, पुसून मी करंड्यात ठेवला आणि चिठ्ठी लिहिली. ह्या वेळी शुद्धलेखन दोनदा तपासले.

चौथ्या दिवशी पाहुणे निघाले. धाकट्या जाऊबाईंना रिकामे बसवत नाही. गाडीला अवकाश होता म्हणून त्यांनी सगळे शोकेस पुसून लख्ख केले आणि करंडा चिंच लावून असा घासला की त्यात तोंड दिसावे. जाताना पाया पडून त्या म्हणाल्या, “ताई, आत कसलेसे रबर आणि खडेबिडे भरले होते. मी मागच्या पडवीतून भिरकावून दिले.”

मागच्या पडवीपासून चार पावलांवर आमची विहीर आहे.